चेरी प्लमचं कुंपण: लेस्टरला जरूर लावा, पौडला नको

काका, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे गोंधळ नको. मुलाने इंग्लंडमध्ये लेस्टरला घर घेतलंय, मागचं लाकडी फेन्सिंग पडायला आलंय म्हणून तिथं हेज, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण करायचंय, आणि फेब्रुवारीत तुम्ही नि काकू तिकडे असताना शेजारच्या गल्लीतली पांढऱ्या फुलांनी भरलेली चेरी प्लमची हेज बघून इतके खूश झालात की आता तीच हेज पौडजवळच्या १२ गुंठ्यांच्या प्लॉटलाही हवी, शिवाय कोथरूडच्या सोसायटीत त्याच जातीचं जांभळ्या पानांचं एक छोटं झाड. आणि शेवटी हळूच विचारलंय की पिकलेल्या फळांच्या कोया बॅगेतून आणल्या तर चालेल का.

लेस्टरला डोळे झाकून लावा. पौडला आणि कोथरूडला नको, आणि कोया तर अजिबात आणू नका. आता कारणं सांगते. मी पुण्यात लँडस्केपिंग करते, मध्ये काही वर्षं केंटमधल्या एका नर्सरीत काम केलंय, त्यामुळे हे झाड मी त्याच्या घरी बघितलंय आणि आपल्याकडे आणून हाल केलेलंही बघितलंय.

पहिलं म्हणजे तुम्ही तिकडे बघितलेली हिरवी हेज आणि रस्त्याकडेची जांभळी झाडं ही एकाच जातीची, प्रुनस सेरासिफेरा. मूळचं आग्नेय युरोप, कॉकेशस आणि त्यापुढचा पश्चिम-मध्य आशिया. जांभळ्या पानांचा प्रकार इराणच्या शहाच्या बागेत काम करणाऱ्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्याने १८८० च्या सुमारास फ्रान्सला पाठवला, म्हणून त्याला 'पिसार्डी' म्हणतात, आणि 'नायग्रा' म्हणून मिळतो तो आणखी गडद पानांचा आणि गुलाबी फुलांचा. बागेत मोकळं वाढू दिलं तर साधारण ६ ते ८ मीटरचं झाड होतं, कापत राहिलात तर २-३ मीटरची हेज. प्लमची कलमं बांधायला खुंट म्हणूनही हेच वापरतात, मायरोबलान या नावाने, म्हणजे मुळांचा दणकटपणा सिद्ध झालेला आहे.

आता पुण्यात का नाही. या झाडाचं सगळं घड्याळ थंडीवर चालतं. पानं गळून झाड झोपतं आणि मग ० ते ७ अंशांच्या आसपासचे शेकडो तास मोजून झाल्यावरच कळ्या उठतात, त्यालाच चिलिंग अवर्स म्हणतात. आपल्याकडे जानेवारीत शिवाजीनगरला पहाटे १०-१२ अंश असतात, एखादी लाट आली की ७-८ वर उतरतं आणि आपण लगेच स्वेटरचे फोटो टाकतो, पण ती थंडी पहाटेच्या दोनचार तासांची, दुपारी परत २९-३० अंश, आणि दुपारच्या त्या उबेने रात्री जमा झालेली थोडीफार थंडीसुद्धा झाडाच्या हिशोबात वजा होते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद आहे हे खरंय, पण एका रात्रीने काही होत नाही, झाडाला आठवड्यांमागून आठवडे तशी थंडी लागते.

बरेच जण म्हणतात मग महाबळेश्वरला लावू. वेण्णा लेकला हिमकण पडल्याची बातमी दरवर्षी येते ना, त्यामुळे लोकांना वाटतं तिकडे भलती थंडी आहे. ते दव जमिनीलगत गोठतं, हवेचं तापमान तेवढं खाली नसतं, उलट कित्येक रात्री पुण्याचा किमान आकडा महाबळेश्वरपेक्षा खाली असतो. वर तिथला पाच हजार मिलीमीटरच्या पुढचा पाऊस, त्यात प्लमच्या कुळातलं झाड म्हणजे डिंक गळणं, पानांना भोकं पडणं, मुळं कुजणं, सगळं ओढवून घेणं.

दुसरा मुद्दा हमखास येतो तो सफरचंदाचा. आता महाराष्ट्रातही लोक अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन, हिमाचलच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन ९९ अशी झाडं लावतायत आणि काहींना फळंही लागतायत, मग चेरी प्लम का नको? कारण त्या कमी थंडीत चालणाऱ्या खास निवडलेल्या जाती आहेत, आणि तरीही हाताने पानगळ करा, पाणी तोडा असे उद्योग करावे लागतात. प्लममध्ये तशा जाती म्हणजे सतलज पर्पल आणि काला अमृतसरी, त्याही पंजाबच्या हिवाळ्यासाठीच्या आणि जपानी प्लमच्या गटातल्या, चेरी प्लम नव्हेत. शिवाय सतलज पर्पलला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, शेजारी काला अमृतसरी लागतो. हौस म्हणून एक जोडी प्लॉटच्या कोपऱ्यात लावायची असेल तर लावा, मी अडवणार नाही, पण त्याचं कुंपण होत नाही.

कोयांबद्दल. ओल्या वाळूत घालून तीनेक महिने फ्रिजमध्ये ठेवल्या तर त्या पुण्यातही रुजतील, प्रश्न रुजण्याचा नाहीच. रोप पहिल्या वर्षी झकास वाढतं, माणूस खूश होतो, आणि पुढे नीट झोप न मिळाल्यामुळे अर्ध्या फांद्यांवर पानं, अर्ध्या नागड्या, फुलं नावाला चारदोन. आणि २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे लावणीसाठीचं बियाणं किंवा रोप परदेशातून आणायचं तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला लागतो. काकूंच्या पर्समधून चार कोया कोण बघतंय असं वाटेल, पण फळझाडांचे कितीतरी विषाणू आणि किडी अशाच प्रवास करतात, त्यामुळे यात माझं मत कडक आहे.

आता लेस्टर. तिकडची माती बरीचशी भारी चिकणमाती, आणि चेरी प्लमला ती चालते, पाणी तुंबून राहत नसेल एवढंच बघायचं. मुलाला सांगा कुंडीतली मोठी झाडं घेऊन पैसे घालवू नकोस, नोव्हेंबर ते मार्च या काळात बेअर रूट रोपं मिळतात, म्हणजे माती नसलेली, उघड्या मुळांची, ६० ते ९० सेंटीमीटरची काडी. बघून विश्वास बसत नाही पण तीच लवकर जम धरते. आली की मुळं सुकू द्यायची नाहीत, तासभर पाण्यात ठेवायची आणि जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसेल त्या दिवशी लावायची. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटीमीटर, म्हणजे १० मीटरला साधारण २० रोपं, फार दाट हवी असेल तर दोन ओळी तिरक्या-तिरक्या आणि ओळींमध्ये ४० सेंटीमीटर. आणि हद्दीच्या रेषेवर लावू नका, आपल्या बाजूला ६०-७५ सेंटीमीटर आत या, कारण ही हेज पुढे मीटर-सव्वामीटर जाड होणार आहे आणि पलीकडच्या बाजूने कापायला दर वेळी शेजाऱ्याची परवानगी मागत बसावी लागते.

लावल्यावर सगळ्यांना जीवावर येतं ते काम म्हणजे शेंडा मारणं. एप्रिलमध्ये कोंब हलायला लागले की एक तृतीयांश उंची कापायची. नाही कापली तर झाड सरळ वर जातं, खालून उघडं पडतं आणि मग चार वर्षांनी लोक विचारतात खालून कुत्रं कसं शिरतं. बुंध्याशी ५-७ सेंटीमीटर आच्छादन, गवत लांब, पहिले दोन उन्हाळे कोरडं गेलं तर पाणी. खत फारसं नको.

खरा प्रश्न छाटणीचा, आणि तुम्हाला ती फुलं आवडली म्हणून हा भाग मुलाला नीट वाचायला द्या. फुलं येतात ती मागच्या वर्षीच्या काडीवर आणि जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर. म्हणजे हिवाळ्यात मशीन फिरवून सगळं चौकोनी केलं की फेब्रुवारीची फुलं कचऱ्याच्या डब्यात. वर हिवाळ्यात ओल्या हवेत कापलेल्या जखमांतून सिल्व्हर लीफ नावाची बुरशी शिरते, पानं चंदेरी दिसायला लागतात, फांदी आतून डागाळते आणि वाळते, बॅक्टेरियल कँकर या जिवाणूंच्या रोगाचंही तेच, तोही जखमांतूनच शिरतो. म्हणून प्लमच्या कुळातली झाडं उन्हाळ्यात कापायची हा तिकडचा जुना नियम. पण उन्हाळ्यात पक्ष्यांची घरटी असतात, आणि १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टप्रमाणे वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, मार्च ते ऑगस्ट हा विणीचा काळ धरतात. मग करायचं काय, तर जुलैअखेर-ऑगस्टमध्ये कोरडा दिवस बघायचा, आधी हेजच्या आत डोकावून सावकाश तपासायचं, घरटं चालू असेल तर तो भाग सोडून द्यायचा, आणि बाकीचं कापायचं. फळं त्याच सुमाराला पिकतात, तेव्हा आधी तोडून घ्या मग कापा. आणि शक्य असेल तर दर वर्षी एकच बाजू कापा, दुसरी पुढच्या वर्षी, म्हणजे कायम निम्मी हेज फुलते. चापूनचोपून हिरवी भिंतच हवी असेल तर हे झाड घेऊच नका, हॉर्नबीम लावा.

चोरांपासून बचाव म्हणाल तर याला काटे तुरळक असतात, माणूस अडत नाही. मध्ये मध्ये हॉथॉर्न मिसळा, तीन चेरी प्लम एक हॉथॉर्न, छान जमतं. उंचीवरून शेजाऱ्यांशी वाद होईल का हेही विचारलंत. तिकडचा २००३ चा जो उंच हेजचा कायदा आहे तो २ मीटरवरच्या सदाहरित हेजना लागू होतो, चेरी प्लमची पानं गळतात त्यामुळे ती त्यात येत नाही, तरी शेजारी तो शेजारी, २ मीटरच्या आसपास ठेवली तर सगळ्यांनाच बरं, शिडीही लागत नाही.

पॅटिओ आणि गाडी लावायची जागा यांच्यापासून मात्र लांब. फळं २-३ सेंटीमीटरची, पिवळी किंवा लाल, जुलै-ऑगस्टमध्ये पडायला लागली की फरशी चिकट, माणूस घसरतो आणि गांधीलमाशा जमतात. फळाचा भरवसा धरू नका, फुलं इतकी लवकर येतात की एखाद्या रात्रीच्या फ्रॉस्टने बहर जळतो, मग एखाद्या वर्षी बादल्या भरतात आणि पुढच्या वर्षी वाटीभर. पण ज्या वर्षी येतील तेव्हा काकूंना मजा आहे. जॉर्जियात याचीच त्केमाली नावाची आंबट चटणी करतात, लसूण, कोथिंबीर, पुदिना, मिरची घालून, आणि त्याचा रस ताटावर पसरून उन्हात वाळवून आपल्या आंबापोळीसारखी आंबट पोळीही करतात. इराणात हिरवी असतानाच मीठ लावून खातात. आमटीत चिंचेऐवजी चार फळं टाकली तरी चालतात. फक्त कोय फोडून आतली बी मुलांना खाऊ देऊ नका, त्यात अमिग्डालिन असतं आणि पोटात त्यापासून सायनाइड तयार होतं.

जांभळं झाड हवंच असेल तर तेही तिकडेच, पुढच्या अंगणात 'नायग्रा' एकच लावा, ऊन भरपूर हवं, सावलीत पानं मळकट हिरवी होतात. बुंध्यातून हिरव्या पानांचे फुटवे आले तर ते खुंटाचे आहेत, ओढून काढायचे.

आता पौड. इथं मी तुम्हाला उलट प्रश्न विचारते, तुम्हाला त्या हेजमध्ये नेमकं काय आवडलं? पानांआधी येणारी फुलं, खाता येणारी फळं, की दाट कुंपण? कारण हे सगळं आपल्याकडे आहे, फक्त एका झाडात नाही.

कुंपण आणि फळ यासाठी करवंद. ज्या डोंगरांवर ते आपोआप येतं, ताम्हिणी, मुळशी, सिंहगड, त्याच पट्ट्यात तुमचा प्लॉट आहे, माती लाल मुरमाड, पाऊस पुण्यापेक्षा जास्त, म्हणजे करवंदाला काही शिकवायला नको. उन्हाळा लागला की पांढरी सुवासिक फुलं, मेमध्ये डोंगरची काळी मैना, आणि दुहेरी काटे असे की गुरं काय माणूसही परत फिरतो. आणि गंमत बघा, छाटणीचं गणित इथंही तेच, करवंदाची फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे माळ्याने जानेवारीत हौसेने कात्री फिरवली की त्या वर्षी करवंदं विसरा. फळं संपली की जूनअखेर-जुलैत कापायचं. लावताना दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर, त्यात निघालेली माती आणि शेणखत, दोन ते अडीच फुटांवर रोप, चांगले दोन पाऊस झाल्यावर. पहिली दोन वर्षं पावसाळ्यात शेंडे खुडत राहा म्हणजे खालून भरतं, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी. ३-४ वर्षं लागतात, तोवर तारेचं कुंपण ठेवा. घरी रोपं करायची असतील तर बी ताजंच लागतं, करवंद खाल्लं, बी धुतलं, सावलीत सुकवलं आणि थोड्या दिवसांत पिशवीत लावलं, पुढच्या वर्षासाठी डबीत ठेवलेलं बी उगवत नाही.

पण चेरी प्लमची खरी जागा घेणारं झाड विचाराल तर मी तांबट सांगेन, आणि हे फार कमी लोक लावतात याचं मला वाईट वाटतं. कापलं तर काटेरी हेज, सोडलं तर ४-५ मीटरचं छोटं झाड, नवी पालवी तांबूस, उन्हाळ्यात लालसर-जांभळी आंबटगोड फळं, इंग्रजीत यालाच गव्हर्नर्स प्लम म्हणतात. नर-मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे एकाच झाडाच्या फांद्यांपासून सगळी रोपं करू नका, बियांची रोपं मिसळून घ्या नाहीतर फळाची वाट बघत बसाल. अंतर ३ फूट. वाढ सावकाश. मी असं करते की लांब बाजूंना करवंद आणि घराकडच्या बाजूला तांबट, त्यातली दोनतीन झाडं न कापता वाढू द्यायची, खाली सावली मिळते आणि बुलबुल वरच बसलेले असतात.

पानांआधीच्या फुलांसाठी सोनसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागड्या फांद्यांवर मोठी पिवळीधमक फुलं, खडकाळ जागेत येतं, पाणी मागत नाही. टेकड्यांवर त्याच दिवसांत गुलाबी दिसतं ते गिरिपुष्प, त्याला लोक पुण्याचा चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात. जूनमध्ये त्याच्या जाड फांद्या नुसत्या खोचल्या तरी जगतात, त्यामुळे करवंद मोठं होईपर्यंतचं कुंपण म्हणून ठीक, पण ते मध्य अमेरिकेतलं झाड आहे, एकदा लावलं की सगळीकडे पसरतं, नंतर काढून टाकायची तयारी असेल तरच.

सुरिनाम चेरी हल्ली खूप खपते. हेज सुंदर होते, फळ लाल फुग्यांचं, मुलांना आवडतं (कच्चं खाल्लं तर राळेसारखी चव येते). शहरात, बंगल्याच्या आवारात लावा, पण पौडला जंगलाला लागून नको, पक्षी बी पसरवतात आणि फ्लोरिडात ती याच कारणाने डोकेदुखी झालीय.

कोथरूडच्या सोसायटीतल्या जांभळ्या पानांसाठी झाडाचा हट्ट सोडा, अकालिफा लावा, ४-५ फुटांचं तांबडं-जांभळं झुडूप, कापलं की दाट होतं. लाल पानांची युफोर्बिया दिसायला अगदी तुमच्या 'नायग्रा'सारखी आणि तीच तुम्हाला दाखवतील, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, नातवंडं खेळतात तिथं नकोच. फुलांसाठी छोटं झाड हवं असेल तर कांचन किंवा बकुळ, पार्किंगच्या कडेला दोन्ही चालतात.

खरेदीबद्दल एवढंच की सोलापूर रोडला, उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, पण 'चेरी प्लम' अशी पाटी बघून घेऊ नका, त्या नावाखाली सुरिनाम चेरी, वेस्ट इंडियन चेरी, जगम असं काहीही मिळतं, पान आणि काटा बघून घ्या. तांबट सहसा देशी झाडांच्या छोट्या रोपवाटिकांत सापडतं, मार्चमध्येच सांगून ठेवा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तिथं चौकशी केलीत तरी पत्ता लागतो.

आणि पौडला दोन कामं आधी. एक, उन्हाळ्यात त्या भागात वणवे लागतात आणि कोवळं करवंद एका तासात जातं, त्यामुळे कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला ८-१० फुटांचा पट्टा डिसेंबरमध्येच गवत काढून जाळरेषेसारखा मोकळा ठेवा, वाळलेलं गवत तिथंच टाकू नका. दुसरं, मोजणी झाली नसेल तर ती करून घ्या, हद्दीचे दगड पक्के बसवा आणि ३ फूट आत चर मारा. तार उपटून पुन्हा ठोकता येते, मुळावलेलं करवंद हलवता येत नाही आणि त्यासाठी नंतर शेजारच्या शेतकऱ्याशी भांडायची वेळ येते.